शिवडीहून खडकीला

ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याला पोचवायला शिवडीच्या सिमेट्रीत गेले होते. मे महिन्यातली दुपार, वारा पडलेला. फादरांची प्रार्थना चालू होती, घरची माणसं कबरीभोवती दाटीने उभी, आणि आम्ही ऑफिसवाले नेहमीसारखे मागे, हातांचं काय करावं ते न कळून. उन्हाने डोकं ठणकायला लागलं म्हणून मी झाडाखाली सरकले. तिथे कबरी खणणाऱ्यांपैकी एक जण कुदळ बाजूला ठेवून चहा पीत बसला होता. समोरच्या दगडावर कुणा गोऱ्या सार्जंटचं नाव होतं, साल अठराशे नव्वदच्या आसपासचं, खालच्या ओळी शेवाळाने खाल्लेल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, पहिल्या महायुद्धातले सोल्जरपण इथे असतील ना? "लढाईवाले?" तो म्हणाला. "ते नाहीत आता. त्यांना कधीच नेलं पुण्याला. आमच्या बापाच्या टायमाला. हाडं काढून नेली." उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला, "बाकीचे राहिले" म्हणाला आणि कुदळ उचलून कामाला गेला.

ते "बाकीचे राहिले" काही केल्या डोक्यातून जाईना.

घरी येऊन शोधलं तर माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. १९६२ साली शिवडीच्या दफनभूमीतून ६२९ जणांचे अवशेष काढून खडकीच्या वॉर सिमेट्रीत नेले आणि तिथे पुन्हा पुरले. सगळे पहिल्या महायुद्धाच्या काळात वारलेले. म्हणजे चाळीसेक वर्षं मुंबईच्या खाऱ्या, दमट मातीत राहून झाल्यावर त्यांची घाटावर बदली झाली. १९६२ म्हटलं की आपल्याला वेगळंच आठवतं. त्याच वर्षी चीनच्या युद्धात लडाखमधली रेझांग ला ही खिंड पडली आणि तिथल्या जवानांचे देह पुढच्या वर्षी बर्फ वितळायला लागल्यावर सापडले, हातात तशीच हत्यारं धरलेले. एकीकडे आपली माणसं उघड्यावर, आणि त्याच वर्षात दुसरीकडे कधीच्या काळी मेलेल्या परक्या शिपायांची हाडं मोजून, नावाबरहुकूम, बोरघाटापलीकडे निघालेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काहीच नाही, हे मला कळतं. तरी एकदा शेजारी येऊन बसल्या त्या बसल्याच.

मुंबईत मेलेल्या इंग्रजांना तशीही एका जागी स्वस्थता मिळालेली नाही. सुरुवातीला त्यांना कुलाब्याकडे मेंडहॅम्स पॉइंटला पुरत. तेव्हा इथे येणाऱ्या गोऱ्याचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं ते लोक स्वतःच म्हणत. ताप, हगवण, दारू, आणि वरून आपला जुलै. पुढे किल्ल्याच्या तटाभोवतीची जागा मोकळी हवी झाली तेव्हा ते कबरस्तान गेलं आणि सोनापूर आलं, म्हणजे आपलं मरीन लाइन्स. शंभरेक वर्षांत शहर सोनापूरला चहूबाजूंनी येऊन भिडलं. मग १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डने शिवडीची जागा घेतली. तिथे त्याआधी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. बागेचं कबरस्तान झालं म्हणूनच की काय, शिवडीत अजून सावली आहे. मुंबईत मोठी झाडं बघायची असतील तर एकतर राणीच्या बागेत जा नाहीतर मेलेल्यांच्या सोबतीला जा. पूर्वेकडून गोदीचा आवाज येतो, हार्बर लाइनची गाडी गेली की जमिनीतून एक बारीक कंप येतो, आणि संध्याकाळी माहुलच्या बाजूने वारा सुटला तर नाकाला रिफायनरीचा वास. पंख तुटलेले देवदूत, एका बाजूला कललेले क्रूस, संगमरवरावर पावसाने काढलेले काळे ओघळ.

आणि इथे कोण कोण आहे! फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, ज्याच्या व्हीटीखालून रोज लाखो लोक धावत सुटतात, तो १९०० साली मलेरियाने गेला आणि शिवडीत आला. जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियावाला, १९२६ साली हगवणीने गेला, तोही इथेच. मुंबई ज्यांनी रचली त्यांना मुंबईच्या डासांनी आणि पाण्याने नेलं, यात मला थोडा कुत्सित आनंद होतो, खोटं कशाला बोला. विटेटचं आणखी एक काम म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९१४ साली इमारत उभी राहिली खरी, पण लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये. मधल्या काळात तिथे मूर्तींच्या जागी खाटा होत्या. लष्करी इस्पितळ झालं होतं त्याचं. लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर त्या घुमटाखाली उभं राहून आम्ही वर बघत "ओ" करून आवाज घुमवायचो. आता तिथे गेलं की आधी खाटाच दिसतात.

कारण पहिल्या महायुद्धाचं फ्रान्सकडचं चित्र, चिखल आणि खंदक, हे आपल्या किनाऱ्याचं चित्र नव्हे. मुंबईचं युद्ध बसऱ्याचं. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, फौजेला रसद इथून जायची आणि तिकडची जखमी, आजारी माणसं जहाजांवर लादून इथे यायची. १९१६ च्या एप्रिलमध्ये तिकडचं कुत अल अमारा तुर्कांच्या हाती पडलं, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर. आत अडकलेली फौज होती सहावी डिव्हिजन, नाव पूना डिव्हिजन, आणि तिच्यात आपल्या मराठा पलटणी. खेचरं, घोडे कापून खायची वेळ आली होती. त्या मोहिमेत गोळीने मेले तसेच हजारो कॉलऱ्याने, आवेने आणि उन्हाने मेले. शिवडीतले ते ६२९ जण छातीवर गोळी झेलून पडलेले असतील असं आपण उगाच धरतो. त्यातले कित्येक वॉर्डातल्या खाटेवर, कानशिलावर ओला टॉवेल, अशा अवस्थेत गेले असणार. १९१८ च्या उन्हाळ्यात इन्फ्लुएन्झाही याच गोदीतून शहरात शिरला. साथीला कुठे ठाऊक कोण शिपाई आणि कोण हमाल.

तापाने मेलेला शिपाई युद्धात मेला असं म्हणायचं की नाही, याला वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी राखणाऱ्या संस्थेचं, अगदी कारकुनी उत्तर आहे, असं मी म्हणणार होते. पण ते उत्तर वाचून मी बराच वेळ गप्प बसले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या कमिशनचा नियम असा: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या तारखांच्या आत जो सैनिक सेवेत असताना गेला, तो युद्धात गेला. कशाने गेला ते विचारायचं नाही. टायफॉइड चालेल, अपघात चालेल. लढाई १९१८ ला संपली असली तरी चालेल. पण १ सप्टेंबर १९२१ ला गेला तर तो नुसता मेलेला शिपाई. त्याच रेजिमेंटचा, त्याच वॉर्डातला, शेजारच्या खाटेवरचा. एकाच्या वाट्याला दरवर्षीची देखभाल, दुसऱ्याच्या वाट्याला शेवाळ. त्या दुपारी मी ज्या सार्जंटसमोर उभी होते तो तर तीस वर्षं आधीच येऊन पडलेला. त्याला कुणी नेणारच नव्हतं.

मग एका रविवारी बहिणीकडे पुण्याला गेले होते तेव्हा खडकीला गेले. मुळा रोडवर, होळकर पुलाच्या अलीकडे-पलीकडे आपण शेकडो वेळा गेलेलो असतो आणि आत कधी शिरलेलो नसतो, अशी ती जागा. फाटकातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा हिरवळ अंगावर येते. आपल्याकडे हिरवळ अशी नसते. आपल्याकडे हिरवळीवर चालून चालून पडलेली एक पायवाट असते, एक कुत्रं असतं, कुरमुऱ्यांची रिकामी पुडी असते. इथे ओळीच्या ओळी, सगळे दगड एकसारखे, प्रत्येकाच्या पायाशी फुलझाड, आणि मधोमध उंच क्रूसावर खाली टोक केलेली काशाची तलवार. १६६८ कबरी, सगळ्या दुसऱ्या महायुद्धातल्या. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणच्या छावण्यांत पुरलेले, जिथे पुढे कुणी लक्ष देईल याची खात्री नव्हती, ते सगळे गोळा करून इथे आणलेले. म्हणजे ही जागा मुळातच बदली होऊन आलेल्यांची. माळी गवताच्या कडा विळ्याने सरळ करत होता. दोन आजोबा बाकावर बसून गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होते. मी नावं आणि वयं वाचत चालले. १९. २२. २१. २०. ३४ आला की "बरं, हा तरी" असं मनात यायचं आणि मग माझीच मला लाज वाटायची.

माझे ६२९ मात्र मला सापडेनात. माळ्याला विचारलं तर त्याने स्मारकाकडे हात केला. त्यांना एकेकट्याचा दगड नाही. पहिल्या महायुद्धाचे लोक भिंतीवर आहेत, नुसती नावं, अठराशेच्या वर. भारतातल्या आणि आता पाकिस्तानात गेलेल्या गावोगावच्या सिव्हिल आणि कँटोन्मेंट दफनभूमींत जे पडलेत, ज्यांच्या कबरी राखणं आता जमत नाही, त्यांची नावं इथे आणलीत. शिवडीवाले त्यातलेच, फक्त त्यांची नावं आणि हाडं दोन्ही आली. बाकीच्यांची हाडं तिकडे आणि नाव इकडे. शेजारी आणखी एक स्मारक आहे, १९३ जणांचं. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले हे सैनिक दुसऱ्या महायुद्धात भारतात येऊन लढाईपासून लांबच कुठेतरी गेले. गोल्ड कोस्टचं, म्हणजे आजच्या घानाचं, किंवा केनियाचं पोरगं, ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी निघालेलं, वाटेत इथल्या कुठल्या तरी इस्पितळात संपलं, आणि त्याचं नाव खडकीत! त्या भिंतीसमोर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले.

खरं सांगायचं तर ती नीटनेटकी शांतता मला मानवली नाही. शिवडीत कसं, माणसं मरत असतात. म्हणजे रोज नवी येतात. जागा कमी, म्हणून साध्या कबरी काही काळाने पुन्हा उघडतात, आधीच्याच्या अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात, आणि त्या खड्ड्यात पुढचा. कोनाड्याच्या छोट्या लादीवर फोटो, त्याला प्लास्टिकचा गुलाब, मेणबत्तीचा ओघळ. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, घरचे येतात, लादी घासतात, भांडतात, एकमेकांना डबा उघडून खायला देतात. तिथे मरणाला गर्दी आहे. खडकीत सगळे एका वयाचे, एका मापाचे, आणि रडायला कुणीच नाही. ज्यांनी रडायचं त्यांचा तर कधीचाच निकाल लागला. पण मग मीच स्वतःला विचारते की शिवडीतल्या त्या सार्जंटसाठी तरी कोण येतं? प्लास्टिकचा गुलाबही नाही. राखायला पगार देऊन ठेवलेला माळी असणं हीसुद्धा एक सोय आहे, आणि तिला नाकं मुरडायचा हक्क मला कुणी दिला? ही अशी दोन्हीकडून ओढाताण होते.

पहिल्या महायुद्धानंतर दगडावर घरच्यांना एक ओळ लिहायची मुभा होती. ६६ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारत, पुढे ओरड झाल्यावर ती रक्कम ऐच्छिक केली. आई बसून अक्षरं मोजत असेल, एखादं विशेषण खोडत असेल, हे मला स्पष्ट दिसतं. मात्र शिपाई कितीही मोठ्या घरचा असो, त्याचा देह मायदेशी न्यायची परवानगी कुणालाच नव्हती, आणि जनरल असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. त्या काळात हे पटवून द्यायला बरंच भांडावं लागलं. ही समता मला आवडली, अगदी मनापासून.

बसऱ्याला पोचेपर्यंत तिचा दम संपला, एवढंच.

बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात कबरीविना गेलेल्या चाळीस हजारांवर लोकांची नोंद आहे. गोऱ्यांची नावं आहेत, अधिकारी आणि शिपाई दोघांचीही. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्यांच्या खाली, साध्या हिंदी शिपायांसाठी, पलटणीच्या नावापुढे आकडा. अमुक पलटण, आणि इतर इतके. नावं कागदावर होती, दगडावर आली नाहीत. २०२१ साली कमिशनने स्वतःच अहवाल काढून हे कबूल केलं: सुमारे ४५,००० ते ५४,००० जणांची आठवण असमान वागणुकीने राखली गेली, आणि किमान १,१६,००० जण, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे की त्यांचं नाव कुठे लागलंच नाही किंवा मुळी स्मारकच झालं नाही. यात आफ्रिकन, हिंदी, इजिप्शियन, सगळे आले. आणि ते बसऱ्याचं स्मारकसुद्धा जागेवर राहिलेलं नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमावरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन बसवलं. बदली तिथेही चुकली नाही.

आता यात आमच्या घरचं एक माणूस आहे. माझ्या आजोळी, खेड तालुक्यात, आजोबांचे थोरले चुलते बसऱ्याला गेले ते गेले. घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे, "बसरेवाले" म्हणत. त्यांच्या बायकोला सगळी मुलं धाकटी आई म्हणायची. तिला मूल नव्हतं. सरकारचं पेन्शन यायचं, आणि ते आणायला ती स्वतः, डोक्यावर पदर, पायात वहाणा न घालता, कचेरीत चालत जायची, हे आईने डोळ्यांनी पाहिलेलं. अंगठा उठवून पैसे घेऊन यायची, आल्यावर पोरांना खडीसाखर. नवऱ्याबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायची की "उंच होते." त्या सगळ्या पट्ट्यात अशी घरं आहेत. साताऱ्याकडे अपशिंग्याला तर पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा स्मृतिस्तंभ आहे, गावाला मिलिटरीच म्हणतात. आपल्याकडे जाळायची रीत, राख नदीला, तेव्हा दगडाचा हट्ट आपण फारसा धरत नाही. पण बसरेवाल्यांना जाळलं तरी का, कुणी, कशाने, हे धाकट्या आईला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिचं कुंकू कधी पुसलं गेलं ती तारीख घरात कुणाला ठाऊक नाही.

शिवडीतच काका बॅप्टिस्टांची कबर आहे. माझगावचे, टिळकांचे वकील आणि दोस्त, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. टिळकांचं तेव्हा सरळ म्हणणं होतं की पोरं द्या फौजेला, पण त्यांना अधिकाराच्या जागाही मिळाल्या पाहिजेत आणि बदल्यात स्वराज्य. व्यवहार होता तो, उघड उघड. आज तो चुकला की बरोबर यावर लोक तावातावाने बोलतात. मला मात्र धाकटी आई आठवते, जिला या व्यवहारातलं महिन्याचं काही रुपये पेन्शन तेवढं पोचलं.

कमिशनच्या यादीत आता घरबसल्या शोधता येतं. मी बसरेवाल्यांचं नाव आईकडून काढून घेतलं आणि टाकलं. एकच नाव असं कुठलं असायला! मराठा पलटणींत त्या नावाचे ढीगभर निघाले. इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं, गावांची नावं तर अशी की मोठ्याने वाचल्याशिवाय पत्ता लागू नये. काहींच्या पुढे बाप आणि गाव आहे, रत्नागिरी जिल्हा आहे. काहींच्या पुढे नुसता नंबर आणि तारीख. चाळता चाळता तीन जण उरले, त्यातले दोन १९१६ चे, एक १९१८ च्या ऑक्टोबरमधला. एकाचं गाव "आमचं" असू शकेल, वाचायच्या पद्धतीवर अवलंबून. बापाचं नाव जुळलं तर सुटेल, पण बसरेवाल्यांच्या बापाचं नाव आईला येत नाही, आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झाली.

मी मामेभावाला फोन केला. तो गावीच असतो, आंब्याच्या धंद्यात. त्याला सगळं सांगितलं, शिवडी, खडकी, बसरा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जमिनीच्या कामाला हे काही उपयोगी आहे का?" नाही म्हटलं. तर म्हणाला, "मग घाई नको ना?" मी म्हटलं, शंभर वर्षं झाली, कसली घाई. मग त्याच्या डोक्यात शिरलं आणि तोच बोलायला लागला. बसरेवाल्यांच्या हिश्शाला धाकटीचं नाव लागलं असणार, म्हणजे वारसनोंदीचा फेरफार निघणार, आणि फेरफारात मयताचं पूर्ण नाव असतं, बापासकट. जुने फेरफार मोडीत आहेत, तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, पण त्यांचा मोतीबिंदू काढायचाय. "डोळा झाला की त्यांना घेऊन जातो," तो म्हणाला. "पण ते दस्तऐवज उंदरांनी ठेवले असतील तर. आणि हे बघ, तू त्या तिघांचे नंबर मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेव. मराठीत टाक."